गोदाक्का आणि काफीचा काढा

गोदाक्काची आणि माझी ओळख झाली ती तिनं माझी कॉफी गटारात ओतली त्या दिवशी.

मी तेव्हा पोलादपूरच्या मराठी शाळेत नवा मास्तर होतो. सव्वीस वर्षांचा, एकटा, अंगानं काटकुळा. पुण्याला ट्रेनिंगला असताना एका मित्राच्या घरी मला कॉफीची चटक लागली होती. बदलीच्या गावी येताना ट्रंकेत कपड्यांच्याही आधी मी कॉफीचा पत्र्याचा डबा ठेवला होता. सकाळी एक कप, शाळेतून आल्यावर दोन, वह्या तपासताना आणखी एक. जेवण जात नसे, झोप लागत नसे, आणि फळ्यावर लिहिताना हात इतका कापायचा की पहिलीतली पोरंसुद्धा एकमेकांकडे बघून हसायची.

माझी खोली गोदाक्काच्या पडवीला लागून होती. एका सकाळी मी उंबऱ्यावर छातीवर हात धरून बसलो होतो. ती शेणाची पाटी घेऊन चालली होती, ती थांबली. पाटी खाली ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि काही न विचारता माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला. मग अंगठा उचलून तिथं टक लावून बघत राहिली.

"सूज नाय," ती स्वतःशीच म्हणाली. मग मनगट धरलं. "मास्तर, छातीत पाखरू उडल्यावानी वाटतंय?"

"हो."

"काय पिता?"

मी कोपऱ्यातल्या कपाकडे बोट दाखवलं. तिनं कप उचलून हुंगला आणि तिचा चेहरा असा झाला की मी घाबरून उभाच राहिलो. तिनं फळीवरचा डबा काढला, गटारापाशी गेली आणि उपडा केला. मग तोच डबा राखेनं घासला, तीन पाण्यांनी धुतला, उन्हात वाळत घातला. संध्याकाळी तो माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवला तेव्हा नाचणीच्या पिठानं काठोकाठ भरलेला होता.

"ह्याची आंबील करून प्या. डबा तुमचा हाय. त्याच्यावर माझा राग नाय."

राग कोणावर होता, ते मला समजायला वर्ष गेलं.

गोदाक्का उमरठची. बाप झाडपाल्याचं औषध देणारा, पंचक्रोशीत नाव असलेला. त्याला मुलगा नव्हता, दोन मुलीच. म्हणून थोरलीला, हिला, बरोबर घेऊन तो डोंगर हिंडला. लग्न होऊन ती पोलादपुरात आली. नवरा मुंबईला गिरणीत होता, शिमग्याला आणि गणपतीला यायचा. मूलबाळ नव्हतं. उंच, काळीसावळी, पंचेचाळिशीची बाई; चालताना हात हलायचे नाहीत, नुसते पाय चालायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माणूस दारातून आत येईपर्यंत तिचं अर्धं निदान झालेलं असायचं.

तिचं शास्त्र तीन शब्दांचं होतं. "देह तीन तऱ्हेचा," ती सांगायची. "वाऱ्याचा, इस्तवाचा नायतर चिखलाचा. तुमी वाऱ्याचे. तुमच्या देहात काफी म्हणजे वावटळीत पेटती चूड."

आमचे हेडमास्तर चिखलाचे. तिसऱ्या तासाला खुर्चीत घोरायचे. पोट इतकं सुटलेलं की कोटाचं मधलं बटण कोणी कधी लावलेलं पाहिलं नव्हतं. ते तिच्याकडे गेले तेव्हा मला वाटलं, हिचा काढा कडू असणार. पण तिनं नडगी दाबून बघितली, जीभ बघितली आणि म्हणाली, "दुपारी जेवल्यावर लवंडू नका. सुंठ घातलेली कोरी काफी घ्या वाटीभर, साखर नको. आन् वरच्या आळीच्या देवळापर्यंत दोनदा चढून उतरा."

मी चाट पडलो. "अक्का, माझी ओतलीत आणि त्यांना प्यायला सांगता?"

"काफीनं काय गुन्हा केलाय? ज्याला सोसंल त्यानं प्यावी. मास्तर, पोटात चूल हाय. मंद झाली की फुंकणीनं फुंकायची. त्यात घासलेट वतणारा जो असतो ना, त्याला धरायचं."

'धरायचं' म्हणताना तिनं मूठ आवळली होती. हेडमास्तर पावसाळा संपेपर्यंत मधलं बटण लावू लागले. मूठ मात्र माझ्या ध्यानात राहिली.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली होती. महाडच्या बाजाराच्या दिवशी ती कधीच घरी नसे. पहाटे चांदण्या असताना निघायची, दिवेलागणीला परतायची. पाच-साडेपाच कोस जाणं आणि तेवढंच येणं. सर्व्हिस मोटार सुरू झाली होती, पण ती चढत नसे. जाताना डोक्यावर रिकामी पाटी, येतानाही रिकामीच. लोक तिला विचारत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बाजार करायला जाते."

शाळेच्या कामासाठी एकदा मला महाडला जायचं होतं, म्हणून मी तिच्याबरोबर चालत निघालो. महाडला पोचल्यावर मी माझ्या कामाला गेलो आणि दुपारी बाजारपेठेतून येताना मला ती दिसली. एका दवाखान्याच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे, पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती. दवाखान्यावर मोठी पाटी होती: 'मेदनाशक वैद्यराज बाबूराव. मुंबईचा अनुभव. एका महिन्यात काया सडपातळ.' आत काचेच्या बरण्या, आणि दारातून कॉफीचा उग्र वास रस्त्यावर येत होता.

एक जाडशी बाई नवऱ्यासोबत पायरी चढायला आली. गोदाक्का उठली, तिच्यापुढे वाकली आणि तिची नडगी दाबली. "चरबी हाय. जा हवं तर, मरणार नाय." बाई गोंधळून आत गेली. थोड्या वेळानं एक म्हातारा आला, पाय जड पडत होते. तिनं त्याचीही नडगी दाबली. अंगठा उचलला तेव्हा तिथं खड्डा पडला होता, आणि तो भरून येईना.

"बाबा, ही सूज हाय, पाणी भरलंय. आत जाऊ नको. आत गेलास तर परत ह्या पायांनी यायचा नायस."

म्हातारा काठी टेकत परत फिरला.

दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, केसांना चोपडलेलं सुगंधी पॉमेड, अंगात रेशमी सदरा. "अक्का," तो हसत म्हणाला, पण हसणं ओठांपुरतंच होतं, "पब्लिक बघतेय. आत ये, चाय पी."

"मी बाजाराला आलेय," गोदाक्का म्हणाली आणि पुन्हा पाटीवर बसली.

आजूबाजूच्या दुकानदारांनी मला सांगितलं की हे पाच वर्षं चाललंय. एकदा बाबूरावनं फौजदाराकडे तक्रार केली होती. फौजदार आले, चांगले धिप्पाड. "उठ इथून," म्हणाले. हिनं उठायच्या ऐवजी त्यांच्या नडगीवर अंगठा ठेवला. "सायेब, सूज नाय. निव्वळ चरबी. जेवून लगेच घोड्यावर बसू नका, जरा चाला." सगळी पेठ हसली. फौजदारांनाही हसू आवरेना. रस्त्यावर बसायला बंदी नाही, एवढं सांगून ते निघून गेले, आणि म्हणे पुढचे काही दिवस चालत फिरले.

परतीच्या वाटेवर, सावित्रीच्या कडेनं चालताना, तिनं आपणहून सांगितलं.

बाबूराव कापडे गावचा. मुंबईत एका डॉक्टरकडे बाटल्या धुवायला होता. तिथून चार इंग्रजी शब्द आणि कॉफीचं खूळ घेऊन आला. त्याचं औषध म्हणजे सुंठ-मिरीचा देशी काढा, त्यात घट्ट कॉफी, आणि वर उपास. महाडात मुंबईच्या औषधाला मान होता, धंदा चालला. गोदाक्काची धाकटी बहीण अंबू त्याची बायको.

"अंबूचं अंग सुजायला लागलं," गोदाक्का म्हणाली. "चेहरा, पाय, बोटं. लोक त्याला हसायला लागले. सगळ्यांना बारीक करतो आन् घरात म्हस बांधलेय म्हणून. तसं त्यानं तिला काढा चालू केला. दिसातून तीन वेळा, अनशापोटी. जेवण बंद."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"मी सहज भेटायला गेले. अंबू खाटेवर बसली होती. ओठ जांभळे, बोटं कापतायत. माझा हात घेऊन तिनं छातीवर ठेवला. म्हणाली, अक्का, बघ गो, कसं पळतंय. मी नडगी दाबली. खड्डा हरभऱ्याएवढा, भरंच ना. मी त्याला हात धरून आणला, खड्डा दाखवला. म्हटलं, ही सूज हाय, काफी बंद कर, हिला माझ्याबरोबर धाड. तो हसला. म्हणाला, तू अडाणी, हे फॅट हाय, फॅट. आठ दिसांनी ने."

"आठ दिवसांनी का?"

"आठ दिसांनी बाजार होता. काफीनं आन् उपासानं अंगातलं पाणी वसरलं, मास्तर. चेहरा उतरला. तेवढंच त्याला पायजे होतं. बाजाराच्या दिशी त्यानं तिला नवं लुगडं नेसवून दवाखान्याच्या पायरीवर उभी केली. म्हणाला, बघा, माझी बायको कशी होती आन् कशी झाली. लोकांनी बघितलं. ती पायरीवरच बसली, मग आडवी झाली. उठलीच नाय."

ती पुढं म्हणाली, "मी तिला परत आणली असती. तिथंच त्याचं डोकं फोडून आणली असती. मी ऐकलं त्याचं. म्हणून आता मी जाते. जिती हाय तोवर जाणार."

त्यानंतर ती बाजाराला गेली की मला घरात बसवत नसे. मी तिच्या बाजूनं होतो, पण तिची भीतीही वाटायची. तिच्या रागात आरडाओरडा नव्हता. ती दर आठवड्याला अकरा कोस चालायची, एवढंच. बाबूरावकडची गर्दी ओसरत चालली होती. महाडच्या बायका आता आधी एकमेकींच्या नडग्या दाबून बघत.

मग एका उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी असताना, सकाळच्या मोटारीतून बाबूराव पोलादपुरात उतरला. दोन माणसांनी धरून त्याला आणला. पाय इतके सुजलेले की वहाणा घालता येईनात, फडकी गुंडाळली होती. पोटही फुगलेलं. रेशमी सदरा तोच होता, पण बटणं लागत नव्हती. मुंबईच्या दोन डॉक्टरांनी हात टेकले होते, असं बरोबरचा माणूस म्हणाला.

गोदाक्का पडवीत उखळात काहीतरी कुटत होती. तिनं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा कुटायला लागली. बाबूराव जोत्यावर बसला. ऊन चढलं, त्याच्यावर आलं. मी माझ्या दारातून बघत होतो. शेवटी मीच तांब्यात पाणी घेऊन गेलो, तर ती मुसळ न थांबवता म्हणाली, "मास्तर, घोटभर द्या. जास्ती नको, त्याला सोसणार नाय."

दुपार झाल्यावर ती उठली. त्याच्यापुढे उकिडवी बसली, फडकं सोडलं, नडगीवर अंगठा दाबला. खूप वेळ दाबून धरला. मग उचलला.

"बघ," ती म्हणाली. "हा खड्डा ओळखतोस? मी तुला हात धरून दाखवला होता."

बाबूराव रडायला लागला. "अक्का, मला ठाऊक होतं."

मुसळाजवळची कोंबडी फडफडून बाजूला झाली, इतक्या झटक्यात गोदाक्का उठली होती. "काय ठाऊक होतं?"

"तू गेल्यावर दुसऱ्या दिशी मी दाबून बघितलं. खड्डा पडला. सूज हाय ते कळलं मला. पण चार गावांत बोलून ठेवलं होतं, बाजाराच्या दिशी बायकोला दाखवतो म्हणून. म्हटलं, बाजार झाला की काफी बंद करतो. एवढा एक बाजार."

इतकी वर्षं ती त्याला अडाणी समजून शिक्षा देत होती. आता कळलं की तो अडाणी नव्हता. मला वाटलं, ही आता त्याला हाकलून देईल, नाहीतर त्याचाच काढा त्याच्या तोंडात ओतेल. तिचा हात मुसळावर होता. पण ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"हे मला नको सांगू. जितं तिला उभी केलीस तितं उभा राहा. बाजाराच्या दिशी. आन् आता बोललास तसंच सगळ्यांसमोर बोल. मग औषध देते."

"अक्का, पाया पडतो. माझं पोट हाय त्याच्यावर."

"पोट? पोटात पाणी झालंय तुझ्या. ते आधी बघ."

तो शिव्या देत गेला. मोटारीत चढवताना त्याच्या तोंडून मी जे ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गोदाक्का पुन्हा कुटायला बसली, आणि त्या दिवशी तिनं एवढं कुटलं की रात्री तिचे खांदे हलेनात.

बारा दिवसांनी निरोप आला, की बाबूराव तयार आहे.

त्या बाजाराला मी तिच्याबरोबर गेलो. त्याला खुर्चीवर बसवून पायरीवर आणलं होतं, पण गोदाक्का समोरून म्हणाली, "उभा राहा. ती उभी होती." दोघांनी धरून त्याला उभं केलं. तोपर्यंत मासळीवाल्या, तांदूळवाले, वाणी, सगळे गोळा झाले होते. बाबूराव आधी पुटपुटला. मागून कोणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाय!" मग तो मोठ्यानं बोलला. काहीही वगळलं नाही त्यानं: सूज, खड्डा, नवं लुगडं, एवढा एक बाजार. बोलून झाल्यावर कोणी हसलं नाही, कोणी शिवी दिली नाही. एक म्हातारी मासळीवाली पुढे आली, त्याच्या पायरीवर थुंकली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. माणसं पांगली.

गोदाक्कानं त्याच दिवशी त्याला बैलगाडीत घालून पोलादपूरला आणला.

तीन महिने तो तिच्या गोठ्यालगतच्या पडवीत होता. रोज सकाळी घेटुळीची, म्हणजे पुनर्नव्याची मुळं, ती उगाळून काढलेला रस. बिनमिठाची पेज. मोजून पाणी. संध्याकाळी हळूहळू चालणं. एक वेळ चुकली नाही. तिनं त्याच्याशी औषधापलीकडे एक शब्द बोललेला मी ऐकला नाही, आणि त्यानं मीठ मागितलं तरी ती नुसतं बघायची. सूज उतरली. चेहरा ओळखू येऊ लागला. श्रावणात तो पाटाच्या पाण्यापर्यंत काठीशिवाय जाऊन आला.

मला राहवलं नाही. "अक्का, म्हणजे तुम्ही त्याला माफ केलंत."

ती मुळं धूत होती. "कोणी सांगितलं? माफ नाय केला. बरा केला. ती दोन येगळी कामं हायत, मास्तर." मग हात झटकत म्हणाली, "मेला असता तर सुटला असता. आता जगू दे. पेठेतनं चालू दे. पोरासोरांनी बोट दाखवू दे."

पण तो पेठेतून चाललाच नाही. बरा झाल्यावर दवाखाना उघडायला गेला तर पायरीवर कोणी येईना. दोन महिन्यांनी दवाखान्याची पाटी उतरवून तो मुंबईला निघून गेला. त्याला बोट दाखवायला महाड उरलं नाही, हे गोदाक्काच्या मनाला फार लागलं. ती बाजाराला जायची थांबली, आणि काही दिवस कावरीबावरी झाली. सकाळी पाटी उचलायची, दारापर्यंत जायची, परत ठेवायची. लोक म्हणायचे, आता अक्का शांत झाली. मी शेजारी राहत होतो. ती शांत झाली नव्हती. तिच्याकडे करायला काही उरलं नव्हतं.

माझी बदली व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात एक कार्ड आलं. गावातली बरीचशी पत्रं मीच वाचून दाखवत असे, म्हणून पोस्टमननं ते माझ्याच हातात दिलं. परळहून बाबूरावच्या चुलत भावानं लिहिलं होतं. बाबूराव तापानं वारला, शेवटी कोणी जवळ नव्हतं, अक्काला कळवावं.

मी कार्ड घेऊन गेलो. दुपारची वेळ होती, ती अंगणात वाल सोलत बसली होती. शेजारच्या दोघी बायका मदतीला होत्या. मी वाचून दाखवलं. दोघी बायका लगेच उठल्या. मेहुणा वारल्याची बातमी म्हणजे डोक्यावरून आंघोळ करायची. एकीनं विहिरीकडे घागर नेली, दुसरीनं गोदाक्काला हाताला धरून उठवायला हात पुढे केला.

"बस गो," गोदाक्का म्हणाली.

"अक्का, आंघोळ नको?"

तिनं सोललेले वाल सुपात नीट ओढून घेतले. मग आत गेली आणि खोबरेल तेलाची बुधली घेऊन बाहेर आली. सगळ्यांसमोर उंबऱ्यावर बसली, अंबाडा सोडला, तेल हातावर ओतलं आणि डोक्यावर थापायला लागली. सुतकात बाई डोक्याला तेल लावत नाही, हे त्या अंगणातल्या लहान पोरीलाही माहीत होतं. घागर भरून आलेली बाई वाटेतच उभी राहिली.

"अंबू गेली तेव्हा मी दहा दिस डोक्याला बोट लावलं नव्हतं," गोदाक्का म्हणाली. "तिसऱ्या दिशी त्यानं दवाखाना उघडला."

तिचे केस मी कधी मोकळे बघितले नव्हते. अर्धे पांढरे होते, कमरेपर्यंत लांब. ती तेल मुरवत राहिली, सावकाश, बोटांनी भांग पाडत, जणू कुठं लग्नाला निघालीय. तेल कपाळावरून ओघळलं. ते तिनं पुसलं नाही. कार्ड माझ्या हातात तसंच होतं, आणि ते तिच्यापुढे ठेवायची हिंमत मला झाली नाही.